शोधू द्या, विकू देऊ नका

2024 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला सोथबीजच्या लिलावात एका स्टेगोसॉरसचा सांगाडा 4 कोटी 46 लाख डॉलरला गेला. तेव्हाच्या दराने साधारण 370 कोटी रुपये. लिलावघराचा स्वतःचा अंदाज 40 ते 60 लाख डॉलरचा होता. सांगाडा सापडला कोलोरॅडोत, एका जीवाश्म-व्यापाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत. घेणारा निघाला केन ग्रिफिन हा अब्जाधीश गुंतवणूकदार. त्याने तो पुढे अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीला काही वर्षांसाठी उसना दिला, म्हणून निदान लोकांच्या नजरेला तरी पडतो आहे.

असा लिलाव झाला की ठरलेलं भांडण सुरू होतं. पुराजीवशास्त्रज्ञ म्हणतात, हे सगळं बंद करा, हाडांना हात लावायचा तो प्रशिक्षित माणसानेच. व्यापारी म्हणतात, आम्ही खणलं नसतं तर पावसात माती झाली असती, तेव्हा कुठे होता तुम्ही? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण या रेट्यात तिसराच माणूस चिरडला जातो. रविवारी पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन घळींतून हिंडणारा, खिशात भिंग ठेवणारा, एकही हाड न विकलेला हौशी शोधक. शास्त्रज्ञांतल्या कडक मंडळींना तो चोर वाटतो आणि व्यापाऱ्यांना तो फुकट राबणारा कच्च्या मालाचा पुरवठादार वाटतो. माझं म्हणणं असं आहे की डायनासोरच्या काळाबद्दल आपल्याला जे कळलं त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे, आणि कायदा करायचाच तर तो त्याला घराबाहेर काढणारा नको, कामाला लावणारा हवा.

मी राहते कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीला. इथून ड्रमहेलर दीड तासावर. गव्हाच्या सपाट शेतांतून गाडी जात असते आणि एकदम रस्ता खाली उतरतो, जमीनच फाटलेली दिसते. राखाडी, तपकिरी, मधूनच कोळशाचा काळा पट्टा असे थरावर थर. बॅडलँड्स म्हणतात ते हेच. सात कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्राकाठची दलदल होती, नद्या होत्या, त्यांचा गाळ साचून हे खडक झाले. त्यात ज्वालामुखीची राख मिसळलेली, तिची झाली बेंटोनाइट माती. ही माती ओली झाली की फुगते आणि साबणासारखी निसरडी होते, वाळली की वरून लाह्या पसरल्यासारखी भुसभुशीत दिसते. तिच्यावर गवत धड रुजत नाही. गवत नाही म्हणून पाऊस थेट उतार खरवडतो, दर वर्षी काही मिलिमीटर जमीन वाहून जाते आणि आतली हाडं उघडी पडतात.

इथेच सगळी गोम आहे. जो पाऊस हाड उघडं करतो तोच ते फोडतो. पहिल्या वर्षी नुसती कड दिसते. हिवाळ्यात भेगांत पाणी शिरून गोठतं, हाड तडकतं. वसंतात बर्फ वितळलं की त्याचे तुकडे उतारावरून खाली येतात. आणखी काही वर्षांनी तिथे हाड होतं हेही कुणाला कळणार नाही. डायनासोरचं हाड जमिनीत साडेसात कोटी वर्षं सुखाने राहतं, पण बाहेर आल्यावर त्याला मुदत असते फार तर एका माणसाच्या आयुष्याएवढी. या मुदतीत कुणीतरी तिथून चालत जायला हवं. रडार, उपग्रह, ड्रोन यांचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण हाडाचा बोटभर तुकडा आणि लोहमिश्रित दगडाचा बोटभर तुकडा यांतला फरक अजून डोळ्यांनाच सर्वांत लवकर कळतो.

पद्धत जुनीच आहे. उताराच्या पायथ्याशी तुकडे दिसले की वर चढायचं. तुकडे जिथे संपतात त्याच्या आसपास कुठेतरी मूळ हाड असतं. याला पदवी लागत नाही. चिकाटी, ऊन सोसायची तयारी आणि सरावलेली नजर लागते. पगारी पुराजीवशास्त्रज्ञ एका प्रांतात असतात मूठभर, त्यांच्या मोसमाचे महिने तीन-चार, आणि त्यांतला बराचसा वेळ एकाच खड्ड्यात गुडघ्यावर बसण्यात जातो. हिंडायचं कुणी?

अल्बर्टाचा इतिहास याचं उत्तर देतो. 1884 मध्ये जोसेफ टिरेल हा भूशास्त्रज्ञ या खोऱ्यात कोळसा शोधत आला होता, त्याला सापडली एका मोठ्या मांसाहारी डायनासोरची कवटी. पुढे तो अल्बर्टोसॉरस ठरला आणि ड्रमहेलरच्या संग्रहालयाला टिरेलचं नाव मिळालं. 1980 मध्ये क्रोजनेस्ट पासजवळ मासे पकडायला गेलेल्या शाळकरी पोरांना काळेभोर हाड दिसलं, तो टिरॅनोसॉरस रेक्स आज 'ब्लॅक ब्यूटी' म्हणून ओळखला जातो. 2010 मध्ये दक्षिण अल्बर्टात फिरायला निघालेल्या एका शेतकरी जोडप्याला जबड्याचे तुकडे मिळाले. दहा वर्षांनी, 2020 मध्ये, ती टिरॅनोसॉर कुळातली एक नवीच प्रजाती असल्याचं प्रसिद्ध झालं आणि तिच्या नावात त्या जोडप्याचं आडनाव घातलं गेलं: थॅनॅटोथेरिस्टीस डीग्रूटोरम. 2011 मध्ये तेलवाळूच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्या कामगाराच्या लक्षात आलं की फावड्याला लागलेला दगड काही वेगळाच आहे. त्याने यंत्र थांबवलं. त्या दगडातून कातडीच्या चिलखतासकट टिकलेला बोरिआलोपेल्टा हा डायनासोर बाहेर आला. तो दगडातून मोकळा करायला संग्रहालयाच्या तंत्रज्ञाला सुमारे 7000 तास लागले, आणि त्या प्रजातीला नाव दिलं गेलं त्या तंत्रज्ञाचं, मार्क मिचेलचं. ही प्रथा मला फार आवडते. आपल्याकडे अशा वेळी कुणाचं नाव लागलं असतं याची कल्पना करून बघा.

हाड दिसलं म्हणजे मात्र काम झालं असं नाही. इथेच हौशी माणूस घोटाळा करू शकतो, आणि शास्त्रज्ञांची तक्रार इथे रास्त आहे.

गेल्या उन्हाळ्यात काही मराठी कुटुंबं मिळून आम्ही ड्रमहेलरजवळच्या हॉर्सशू कॅनियनला गेलो होतो. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा धावत आला, "काकू, हे हाड आहे का?" हातात तपकिरी तुकडा. मी उलटून पाहिला. तुटलेल्या बाजूला बारीक बारीक छिद्रांची जाळी होती, दगडाला ती नसते. म्हटलं, जीभ लावून बघ, हाड असेल तर चिकटेल. त्याच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण जीभ चिकटली. छिद्रं ओलावा ओढून घेतात म्हणून ती चिकटते, इथले जुनेजाणते सगळे हीच परीक्षा करतात. पोराच्या डोळ्यांत जे आलं ते मी वर्णन करत बसत नाही. मग मी विचारलं, कुठून उचललास? त्याने ज्या दिशेला हात केला तिकडे एकसारखे दिसणारे डझनभर उतार होते.

संपलं. तो तुकडा आता नुसता तुकडा. कुठल्या थरातून आला, आजूबाजूला आणखी हाडं होती का, कुठल्या दिशेने पडला होता, मातीत परागकण कुठले होते, यांतलं काहीही आता सांगता येणार नाही. अल्बर्टाच्या थरांचं वय राखेच्या पट्ट्यांवरून काढता येतं. पट्ट्याच्या वर की खाली एवढं जरी कळलं तरी हाडाला वय मिळतं. ते गेलं. मुलाचा यात काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं आम्ही मोठ्यांनी, गाडीतून उतरायच्या आधी.

याच कॅनियनच्या संरक्षित भागात 2020 मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाला मोठं हाड दिसलं, तेव्हा त्याने आणि त्याच्या वडिलांनी ते तिथेच ठेवलं. फोटो काढले, जागेचे अक्षांश-रेखांश टिपले आणि टिरेल संग्रहालयाला पाठवले. संग्रहालयाची माणसं आली आणि एका कोवळ्या हॅड्रोसॉरची, म्हणजे बदकासारख्या चोचीच्या डायनासोरची, तीस ते पन्नास हाडं निघाली. त्या थरातून, 6 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीच्या त्या काळातून, फारच थोडं सापडलेलं आहे, म्हणून शोधाचं मोल वाढलं. आमच्या पोराची नजर या मुलाइतकीच चांगली होती. फरक पडला तो फक्त हात लावण्याने.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातली बायनम गावची गोष्ट या बाबतीत जास्त बोलकी आहे. 1978 मध्ये जॅक हॉर्नर आणि बॉब माकेला हे दोघे जीवाश्म-शोधक तिथल्या एका दगडांच्या दुकानात शिरले. दुकान मॅरियन ब्रँडव्हॉल्ड या बाईंचं. त्यांनी कॉफीच्या डब्यात ठेवलेली काही चिमुकली हाडं दाखवली, ही कशाची म्हणून. हॉर्नर चाट पडला. डायनासोरच्या पिल्लांची हाडं तोवर फारशी कुणी पाहिली नव्हती. डब्यातल्या हाडांपेक्षा महत्त्वाचं हे की बाईंना टेकडी आठवत होती. त्यांनी जागा दाखवली आणि तिथे घरटं निघालं, त्यात अंड्यातून बाहेर येऊन काही काळ वाढलेली पिल्लं. म्हणजे पिल्लं घरट्यात राहत होती, म्हणजे कुणीतरी त्यांना आणून भरवत होतं. डायनासोर पिल्लांची काळजी घेत असावेत या कल्पनेला पहिला भक्कम आधार तिथे मिळाला आणि पुढच्या वर्षी त्या प्राण्याचं नाव ठेवलं गेलं मायासॉरा. बाई जागा विसरल्या असत्या तर कॉफीच्या डब्यात कुतूहल तेवढं उरलं असतं. हॉर्नरकडेही पदवी नव्हती, हे जाता जाता सांगून ठेवते.

आता अमेरिकेच्या कायद्याकडे बघू. तिथे काटेरी तारेच्या एका बाजूला केंद्र सरकारची जमीन असते. 2009 च्या कायद्याप्रमाणे तिथल्या बऱ्याच भागात शंखशिंपले, पानांचे ठसे यांसारखे साधे जीवाश्म हौसेपुरते उचलता येतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं हाड मात्र परवान्याशिवाय उचललं तर गुन्हा, आणि परवाना मिळतो तो संशोधकांना. तारेच्या दुसऱ्या बाजूला खाजगी कुरण असेल तर तिथला टी. रेक्स जमीनमालकाचा. विको, दिवाणखान्यात उभा करो, फोडून रस्त्यावर पसरो. खडक तोच, प्राणी तोच, तार ओलांडली की एकीकडे गुन्हेगार आणि दुसरीकडे कोट्यधीश.

'स्यू' नावाच्या टी. रेक्सच्या सांगाड्याची कहाणी यातूनच घडली. 1990 च्या ऑगस्टमध्ये साउथ डकोटात ब्लॅक हिल्स इन्स्टिट्यूट या व्यापारी संस्थेच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. बाकीचे गावात गेले आणि स्यू हेंड्रिक्सन कुत्र्याला घेऊन एका कड्याकडे चालत गेली. कड्यात तिला मणके दिसले. तोवर सापडलेल्यांत सर्वांत परिपूर्ण टी. रेक्स. संस्थेने जमीनमालकाला 5000 डॉलर दिले आणि सांगाडा काढून नेला. मग कळलं की जमीन सू आदिवासींच्या राखीव प्रदेशातली, केंद्र सरकारच्या विश्वस्तीत असलेली, तेव्हा व्यवहारच कच्चा. 1992 मध्ये एफबीआयने सांगाडा जप्त केला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 1997 मध्ये लिलावात शिकागोच्या फील्ड म्युझियमने मॅकडोनाल्ड्स आणि डिस्नेच्या पैशाच्या मदतीने तो 83 लाख 60 हजार डॉलरला घेतला.

सांगाडा वाचला, लोकांना मिळाला, मग बिघडलं काय? बिघडला तो भाव. त्याआधी माळरानावरचा रँचवाला संग्रहालयाच्या पोरांना खुशाल खणू द्यायचा, वर दुपारचं जेवणही घालायचा. स्यूनंतर प्रत्येकाला वाटायला लागलं की आपल्या कुरणात लॉटरीचं तिकीट पुरलेलं आहे. भाडेपट्टे करायचे, आगाऊ रक्कम मागायची, व्यापाऱ्यांत बोली लावायची. गुरांच्या धंद्यात कर्जबाजारी झालेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण यातून संग्रहालयं बाहेर फेकली गेली. 2020 मध्ये 'स्टॅन' हा टी. रेक्स 3 कोटी 18 लाख डॉलरला विकला गेला आणि दीड वर्ष तो कुणी घेतला हेच जगाला ठाऊक नव्हतं. मग कळलं, अबू धाबीच्या संग्रहालयासाठी. हा स्टॅनही सापडला होता एका हौशी शोधकाला. टॉमस कार या पुराजीवशास्त्रज्ञाने 2025 मध्ये हिशेब मांडला: अभ्यासाला उपयोगी पडतील असे टी. रेक्सचे 61 नमुने सार्वजनिक संस्थांत आहेत आणि 71 खाजगी हातांत. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध डायनासोरचा अभ्यास करणाऱ्याला निम्म्याहून जास्त पुरावा दाराआड आहे हे गृहीत धरूनच बसावं लागतं. खाजगी संग्रहातला नमुना उद्या मालकाच्या वारसांनी कुठे टाकला, तर आज त्यावर लिहिलेलं कुणी तपासणार कसं? म्हणून जबाबदार शास्त्रीय नियतकालिकं अशा नमुन्यांवरचे निबंध सहसा छापत नाहीत.

व्यापाऱ्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे 'ड्युएलिंग डायनासोर्स'चा. 2006 मध्ये मोंटानात एका काउबॉयच्या आणि त्याच्या साथीदारांच्या हाती एक ट्रायसेराटॉप्स आणि एक छोटा टिरॅनोसॉर शेजारी शेजारी गाडलेले लागले. विकाऊ म्हणून ते वर्षानुवर्षं पडून राहिले. मधे जमिनीच्या आजी-माजी मालकांत खटला उभा राहिला की जीवाश्म हे खनिज धरायचं की नाही, कारण खनिजांचे हक्क वेगळ्यांकडे होते. 2020 मध्ये मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, खनिज नव्हे. मग नॉर्थ कॅरोलायनाच्या संग्रहालयाने देणग्या गोळा करून ते घेतले, आणि 2025 मध्ये त्याच छोट्या टिरॅनोसॉरच्या अभ्यासावरून असं मांडलं गेलं की तो टी. रेक्सचं पिल्लू नव्हेच, नॅनोटिरॅनस नावाचा वेगळा प्राणी आहे. पोटासाठी खणणाऱ्यांनी विज्ञानाला दिलेली ही देणगी आहे, हे मान्य करायलाच हवं. पण हिशेब नीट करा. सापडल्यापासून संग्रहालयात पोचेपर्यंत चौदा वर्षं गेली, आणि तीही एका संस्थेला इतके पैसे जमवता आले म्हणून. ज्यांना जमवता आले नाहीत त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत पोचतच नाही.

अल्बर्टाने दुसरा रस्ता धरला. 1978 पासून इथला प्रत्येक जीवाश्म प्रांताच्या मालकीचा आहे, जमीन कुणाचीही असो. पण शोधायला बंदी नाही. जमीनमालकाची परवानगी असेल तर वर सुटा पडलेला जीवाश्म उचलता येतो, घरी ठेवता येतो. तुम्ही त्याचे मालक होत नाही, राखणदार होता. विकता येत नाही, प्रांताबाहेर नेता येत नाही. जमिनीत रुतलेलं खणून काढायचं तर परवाना, आणि तो तज्ज्ञांनाच. उद्यानांत काहीच उचलायचं नाही. मोडलं तर 50,000 डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. आणि शोधणाऱ्याला मिळतं काय? नाव, मान, कधीमधी खणतीच्या वेळी शेजारी बसायची संधी. वर सांगितलेलं शेतकरी जोडपं आणि बारा वर्षांचा मुलगा या चौकटीत बसतात. त्यांनी पैशासाठी केलं नव्हतं आणि पैसे नाहीत म्हणून लपवलंही नाही.

या व्यवस्थेतही भोकं आहेत. मला सर्वांत खटकतं ते 'राखणदार' प्रकरण. कॅल्गरीतल्या कितीतरी तळघरांत बुटांच्या खोक्यांत हाडं पडली आहेत, त्यांवर ना जागा लिहिलेली ना तारीख. आजोबा गेले की नातवंडं ते खोकं बागेत ओततात. कायदा मोडला नाही, माहिती मात्र मेली. उचलायची मुभा द्यायची तर जागेची नोंद सक्तीची हवी होती. आज प्रत्येकाच्या खिशात जागा सांगणारा फोन आहे, 1978 ची सबब आता चालायची नाही. उलट तोच फोन दुसरं संकटही आणतो: हाडाचा व्हिडिओ जागेच्या नावासकट टाकणारे महाभाग. संग्रहालयाला कळवायच्या आधी हजार लोकांना कळवायचं कशाला?

आणि इथेही व्यापार शंभर टक्के बंद नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याच्या रंगीत शंखापासून अमोलाइट नावाचं रत्न मिळतं, त्याच्या रीतसर खाणी आहेत, शंख प्रमाणपत्र घेऊन विकले जातात. त्या खाणींत मोसासॉरसारखे समुद्री सरपटणारे प्राणी निघाले की ते मात्र टिरेल संग्रहालयाला जातात. विपुल आहे ते विका, दुर्मीळ आहे ते सोडा, अशी ही तडजोड. सोवळेपणापेक्षा मला ती बरी वाटते.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण चंद्रपूर आहे. आपल्याकडे अल्बर्टासारखे डायनासोरचे बॅडलँड्स नाहीत. चंबळच्या घळी दिसायला तशा, पण ती कोवळी गाळाची माती. आपले डायनासोर आहेत दख्खनच्या काळ्या पाषाणाखालच्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत: जबलपूर, धार, गुजरातेत बालासिनोरजवळचं रैयोली आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचं पिसदुरा, डोंगरगाव. डोंगरगावातून निघालेला सांगाडा आज आयसिसॉरस म्हणून जगभर ओळखला जातो. पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरची विष्ठा दगड होऊन पडलेली आहे, तीही वरचेवर सापडेल अशी. 2005 मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण दाखवले. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं असं तोवर मानलं जायचं. ते मत वरोरा तालुक्यातल्या नांगरटीतून वर आलेल्या दगडांनी बदललं. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला तर याहूनही जुन्या काळाचे अवशेष आहेत.

आणि हे कुणी सुरू केलं? जबलपूरला 1828 मध्ये हाडं उचलली ती कॅप्टन स्लीमनने, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या त्याच स्लीमनने. पिसदुऱ्याची हाडं गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप धर्मोपदेशक होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. आजच्या काळात धार जिल्ह्यात विशाल वर्मा हे शिक्षक वर्षानुवर्षं नर्मदेच्या खोऱ्यात अंडी शोधत हिंडले. 2023 च्या जानेवारीत त्या भागातल्या 92 घरट्यांचा आणि 256 अंड्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर वर्मांचं नाव आहे आणि पत्ता आहे बाकानेरच्या उच्च माध्यमिक शाळेचा. त्याच जिल्ह्यात पाडल्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजत होते ती डायनासोरची अंडी निघाली. मला यात अंधश्रद्धा दिसत नाही. हे दगड साधे नाहीत एवढं त्या शेतकऱ्यांनी कुणाही भूशास्त्रज्ञाच्या आधी ओळखलं होतं, आणि देव केल्यामुळे ते जागेवर टिकले.

आपल्याकडे जीवाश्मांसाठी स्वतंत्र कायदा नाही. 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात जवळजवळ सगळे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दिलेले होते. विद्यापीठांतल्या संशोधकांनीच हरकत घेतली, आम्हालाही दारात उभं करणार का म्हणून. मग शाळामास्तरांनी आणि शेतकऱ्यांनी कुणाकडे बघायचं? कायदा नसल्याने आज कुणीही पिसदुऱ्याहून पोतं भरून नेऊ शकतो, आणि असा कायदा झाला तर दगड उचलून बघणारं दहावीचं पोर गुन्हेगार ठरू शकेल. दोन्ही टोकं वाईटच.

मला हवं ते फार अवघड नाही. मालकी जनतेची, विक्री बंद, खणती परवान्याने, पण हिंडणं, बघणं, कळवणं मोकळं. सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरात आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही तिथेच आहे. वरोऱ्याच्या शेतकऱ्याने फोटो आणि जागा पाठवावी, ठरलेल्या दिवसांत त्याला मराठीत उत्तर यावं, शोध नोंदवहीत त्याच्या नावावर चढावा आणि नमुना ज्या संग्रहालयात जाईल तिथल्या पाटीवर ते नाव दिसावं. खर्च? एका उड्डाणपुलाच्या सुशोभीकरणात होतो त्याहून कमी.

सगळ्यात मोठी अडचण पैशाची नाहीच, भीतीची आहे. नांगराला मोठं हाड लागलं तर शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येणार तो जमीन जाईल हा. व्याघ्रप्रकल्प, कोळसाखाणी, धरणं यांत चंद्रपूरकरांनी जमिनी जाताना पाहिल्या आहेत, तेव्हा तो विचार खोटा म्हणता येत नाही. तो गुपचूप माती ओढून घेईल आणि कुणाला कळणारही नाही. म्हणून कायद्याचं पहिलंच कलम दंडाचं नको. त्यात लिहिलेलं असावं की जीवाश्म सापडला एवढ्या कारणावरून कुणाचीही जमीन संपादित होणार नाही, खणती मालकाच्या संमतीनेच होईल, आणि तिच्यात पीक बुडालं तर त्या हंगामाच्या बाजारभावाने भरपाई खणायला सुरुवात करण्याआधी खात्यात जमा होईल.